कादंबरीकाराचं हसणं

मराठी कादंबरीकाराला आपण एक काम नेमून दिलं आहे. त्याने दुःख सांगायचं. दुष्काळ, विस्थापन, जात, बाईची घुसमट, शहरातलं एकटेपण हे त्याचे विषय. पुरस्काराच्या शिफारशीत, परिसंवादाच्या पत्रिकेत, पुस्तकाच्या मलपृष्ठावर त्याच्याकडून हेच मागितलं जातं. त्याने हे विषय लिहावेत याबद्दल माझी तक्रार नाही. आपल्या भाषेतली कितीतरी उत्तम पुस्तकं त्यातूनच आली. तक्रार आहे ती राहून जातं त्याबद्दल. हाच माणूस मंडईत जातो, सोसायटीच्या सभेला बसतो, संध्याकाळी घरच्यांबरोबर मालिका बघतो, पंगतीत जेवतो. त्यातलं बरंच काही त्याला विलक्षण गमतीचं वाटतं आणि ते तो मित्रांना रंगवून सांगतोही. छापून मात्र येत नाही. कारण ते लिहा असं त्याला कोणी म्हणत नाही, आणि लिहिलं तर द्यायचं कुठे हेही त्याला कळत नाही.

मराठी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांनी, मासिकांनी आणि साप्ताहिकांनी कादंबरीकारांकडून रोजच्या जगण्यातल्या विसंगतींवर विनोदी सदरं लिहून घेतली पाहिजेत. ठरलेल्या पानावर, ठरलेल्या दिवशी, मानधन देऊन आणि पाठीशी उभं राहून. ही मागणी मी गमतीखातर करत नाही. अशा सदरातून भाषेला जे मिळतं ते दुसऱ्या कुठल्याच लेखनातून मिळत नाही, आणि ते आपण हळूहळू गमावत आहोत.

जयवंत दळवींकडे बघा. जन्म १४ ऑगस्ट १९२५चा, गोव्यातल्या हडफड्याचा. गाव वेंगुर्ल्याजवळचं आरवली. १९६३ मध्ये त्यांची ‘चक्र’ ही कादंबरी आली. मुंबईच्या झोपडपट्टीतलं जगणं, त्यातली अम्मा, तिचा बेन्वा आणि तो लुका मराठी वाचकाच्या दिवाणखान्यात आले आणि तिथून हलायला तयार होईनात. पुढे ‘महानंदा’ आली, ‘संध्याछाया’ आलं, ‘पुरुष’ आलं. भ्रमिष्टपण, वासना, म्हातारपण, मरण या विषयांपासून हा लेखक कधी लांब गेला नाही. आणि याच वर्षांत, मुंबईतल्या अमेरिकन माहिती कार्यालयातली नोकरी सांभाळून, हाच लेखक ‘ठणठणपाळ’ या नावाने केशवराव कोठावळ्यांच्या ‘ललित’ मासिकात दर महिन्याला ‘घटका गेली, पळे गेली’ हे सदर लिहीत होता. ‘ललित’ १९६४च्या जानेवारीत सुरू झालं. ठणठणपाळ जवळपास वीस वर्षं लिहीत राहिला. व्यंगचित्रकार वसंत सरवट्यांनी त्याच्या हातात भला मोठा हातोडा दिला आणि त्याला चेहरा मिळाला.

या हातोड्याखाली कोण येत असे? नावाजलेले लेखक, कवी, समीक्षक, प्रकाशक, संमेलनांचे मानकरी. हयात माणसं, आणि तीही नावानिशी. लेखकांचे हट्ट, रुसवे, एकमेकांना बांधलेले हार, सगळं त्या पानावर यायचं. अंक हाती पडला की आधी तेच पान उघडणारे वाचक होते, आणि ज्यांची थट्टा झालेली असे त्यांतलेही बरेच आधी तेच पान उघडत.

समीक्षा आजही दळवींचे दोन कप्पे करते: एका कप्प्यात गंभीर कादंबरीकार-नाटककार, दुसऱ्या कप्प्यात फावल्या वेळातला विनोदी स्तंभलेखक. मला ही वाटणी चुकीची वाटते. झोपडीतल्या बाईचा स्वाभिमान ज्या नजरेने टिपला, त्याच नजरेने नामवंत कवीचा अहंकारही टिपला. दोन्हीकडे लेखक माणसाच्या इतका जवळ जाऊन बसला आहे की त्याला त्या माणसाचा राग येऊ शकत नाही. ठणठणपाळाची थट्टा बोचली तरी विखारी वाटली नाही याचं कारण त्या जवळिकीत आहे. आणि उलट बाजूनेही बघावं. दर महिन्याला माणसांच्या बारीकसारीक लकबींची नोंद ठेवणारा हात कादंबरीत शिरला की तिथली माणसं पुठ्ठ्याची होत नाहीत.

हे काम कादंबरीकारानेच का करायचं, विनोदी लेखक आहेत की, असं कोणी म्हणेल. आहेत, आणि त्यांचं काम वेगळं आहे. विनोद रचणाऱ्याला प्रसंग हवा असतो आणि प्रसंगाचा शेवट हवा असतो. कादंबरीकाराला माणसाचा मागचा-पुढचा काळ दिसतो. याचं उदाहरण आपल्या प्रत्येक चौकात टांगलेलं आहे.

वाढदिवसाचं फ्लेक्स घ्या. वर नेत्यांचे फोटो, ज्याच्या त्याच्या वजनाप्रमाणे लहानमोठे. मधोमध उत्सवमूर्ती, डोळ्यांवर गॉगल, कानाला मोबाइल, गळ्यात साखळी. खाली शुभेच्छुकांचे गोल गोल चेहरे. नावाच्या आधी ‘भावी नगरसेवक’. मुंबई महापालिकेतल्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षं प्रशासकच कारभार बघत राहिला. राज्यातल्या इतर कितीतरी महापालिकांत तेच. म्हणजे गल्लोगल्ली तरण्या पोरांची एक अख्खी पिढी फ्लेक्सवर ताटकळत उभी राहिली. दर वर्षी वाढदिवस यायचा, फ्लेक्स लागायचं, निवडणूक काही लागायची नाही.

रील बनवणारा गॉगलवर हसतो आणि पुढे जातो. कादंबरीकार थांबतो. खालच्या रांगेतला गेल्या वर्षीचा एक चेहरा यंदा गायब आहे, हे त्याला दिसतं. तो कोणाशी भांडला, की पलीकडच्या चौकातल्या फ्लेक्सवर गेला? गल्लीतल्या छपाईवाल्याकडे गेल्या वर्षीची फाइल तशीच आहे, फोटो बदलला की झालं, आणि गेल्या वर्षीचं बिल अजून यायचं आहे. गॉगलवाल्याची आई त्या फ्लेक्सखालून रोज दूध आणायला जाते. ती वर बघते का? पहिल्या पावसात ते फ्लेक्स उतरतं तेव्हा ते कुठे जातं? तर नाल्याकडेच्या एखाद्या झोपडीवर. छप्पर गळू नये म्हणून ते पालथं घालतात आणि तो हसरा चेहरा आतल्या बाजूला येतो. मग चार महिने एखादं पोर त्या भावी नगरसेवकाच्या थेट नजरेखाली अभ्यास करतं. ‘चक्र’ लिहिणाऱ्या हाताला हे नक्की दिसलं असतं. इथे हसू आहे, आणि त्या पोराचा, त्या आईचा, त्या ताटकळलेल्या तरुणाचा अपमान कुठेही नाही. इतकं सगळं एका पानात मावतं. अग्रलेखात मावत नाही. बातमीत तर नाहीच.

भाजीवाल्याच्या गाडीवर हल्ली पैसे आल्याची घोषणा करणारं यंत्र असतं. पूर्वी गिऱ्हाईक आणि भाजीवाला यांच्यातला हिशेब दोघांतच राहायचा. आता आपण दहा रुपयांची कोथिंबीर घेतली हे अख्ख्या रस्त्याला कळतं. दिवसभरात किती गल्ला झाला हे भाजीवाल्याच्या बायकोला शेजारच्या गाडीवर बसून बोटांवर मोजता येतं. उधारी मात्र यंत्र बोलून दाखवत नाही. ती अजून जुन्या वहीतच आहे, आणि वही गोणपाटाखाली. पैशाचा आवाज आणि उधारीचं मौन हा खरं म्हणजे अर्थशास्त्राचा विषय, पण अर्थतज्ज्ञ तो असा लिहिणार नाही.

सोसायटीच्या ग्रुपवर तिसऱ्या मजल्यावरचे काका गेल्याचं कळतं. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ची रांग लागते. ती संपायच्या आत सचिवांचा निरोप येतो की उद्या टाकी धुवायची असल्यामुळे सकाळी पाणी येणार नाही. त्याखालीही तेच हात जोडलेले. मग कोणीतरी गेलेल्या काकांनाच ‘धन्यवाद काका’ लिहितं, कारण गेल्या आठवड्यात त्यांनी टाकलेला प्लंबरचा नंबर तेव्हा कामी आला होता. हे वाचून हसू येतं आणि लगेच जीव गलबलतो. आपल्या काळात शोक कसा व्यक्त होतो याचा यापेक्षा खरा दस्तऐवज पन्नास वर्षांनी कोणाला सापडणार आहे? ते संदेश तर महिन्याभरात पुसले जातात. एखाद्या लेखकाने ते पानावर उतरवले तरच उरतील.

इटलीचे उंबेर्तो एको तत्त्वज्ञ होते, मध्ययुगाचे अभ्यासक होते, आणि १९८० मध्ये त्यांनी लिहिलेली मठातल्या खुनांची कादंबरी जगभर गाजली. ‘लेस्प्रेसो’ या साप्ताहिकाने १९८५ मध्ये त्यांना एक सदर दिलं. सदराचं नाव मिनेर्वा या आगकाड्यांच्या पाकिटावरून घेतलेलं, कारण सुचलेलं काही टिपून ठेवायला त्या पाकिटाची आतली बाजू बरी पडते. आधी दर आठवड्याला, नंतर पंधरवड्याला, २०१६ मध्ये ते गेले तोवर हे सदर चालू होतं. त्यांनी लिहिलं कशावर, तर हॉटेलच्या खोलीतल्या छोट्या फ्रिजवर. त्यातल्या बाटल्या काढून त्यांनी स्वतः आणलेला मासा आत ठेवला, कर्मचारी रोज नव्या बाटल्या भरत राहिले, आणि जाताना हातात न प्यायलेल्या दारूचं दणदणीत बिल पडलं. त्यांनी लिहिलं मोबाइलवर, तोही अजून श्रीमंतांचीच मिरवण्याची वस्तू असताना. त्यांचं निरीक्षण असं की चारचौघांत फोन मिरवणारा माणूस आपली सत्ता दाखवत नसतो; कोणीही बोलावलं की हजर व्हावं लागणारा तो हाताखालचा माणूस आहे, हेच तो जाहीर करत असतो. खऱ्या सत्ताधाऱ्याला फोन उचलावाच लागत नाही. आज रात्री साडेदहाला ऑफिसच्या ग्रुपवर ‘ओके सर’ टाइप करणाऱ्या पुण्या-मुंबईच्या प्रत्येक नोकरदाराला हे पटेल.

त्याही आधी, १९६१ मध्ये, एकोंनी माइक बोंजोर्नो या टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषावाल्यावर निबंध लिहिला होता. प्रश्न असा की हा इतका सामान्य माणूस इतका लोकप्रिय कसा? उत्तर असं की तो सामान्य आहे म्हणूनच. त्याच्यासमोर बसलेल्या कोणालाही आपण कमी आहोत असं वाटत नाही. विद्वान माणसाने टीव्हीवर हसत हसत लिहिलं आणि टीव्हीचं मर्म सांगून टाकलं.

आपल्याकडे लोकप्रिय करमणुकीकडे असं बघणारा शेवटचा मोठा माणूस शिरीष कणेकर. २०२३ च्या जुलैमध्ये ते गेले. हिंदी सिनेमा आणि क्रिकेट या दोन गोष्टींवर मराठी माणूस किती जीव टाकतो हे त्यांनी ओळखलं होतं, आणि त्या वेडाला कमी लेखायचं नाही असं ठरवून ते लिहीत राहिले. पडद्यावरच्या माणसांवर त्यांनी केलेली थट्टा त्या माणसांवरच्या प्रेमातून आलेली होती. त्यांच्यानंतर मालिकांवर, गाण्यांच्या स्पर्धांवर, वेब सिरीजवर मराठीत जे छापून येतं ते एकतर प्रसिद्धीपत्रक असतं किंवा तुच्छतेने भरलेलं असतं. मालिका वाईट असतात हे सांगायला लेखक लागत नाही. त्या बघणाऱ्या घरात काय घडतं हे सांगायला लागतो. जाहिरात लागली की फोडणी पडते, पुन्हा मालिका सुरू झाली की गॅस बारीक होतो, म्हणजे कितीतरी घरांतला रात्रीचा स्वयंपाक वाहिनीच्या जाहिरातींवर शिजतो. पडद्यावरच्या बंगल्यात कोणी कधी सिलिंडरचा नंबर लावत नाही, भाडं भरत नाही, कामावर जाताना डबा विसरत नाही. आणि वन रूम किचनमधल्या बाईला हे पुरतं ठाऊक असतं. तरी ती बघते. का बघते याचं उत्तर शोधायला तिच्या शेजारी बसावं लागतं, आणि तिथे बसून हसावंही लागतं. हे कादंबरीकाराचं काम आहे.

विनोदाला मराठीत मान मिळाला नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. तसं म्हणणं खोटं होईल. ‘व्यक्ती आणि वल्ली’साठी पु. ल. देशपांड्यांना १९६५ मध्ये साहित्य अकादमी मिळाली. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, अत्रे, पु. ल., शंकर पाटील, द. मा. मिरासदार हे सगळे साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. मान भरपूर मिळाला. अडचण जागेची आहे. विनोद हा सवयीचा प्रकार आहे. लेखकाचीही सवय आणि वाचकाचीही. ठणठणपाळाला हातोडा फिरवायला पहिले काही महिने लागले असतील, वाचकाला त्याचा सूर ओळखू यायला आणखी काही. वर्षातून एकदा दिवाळी अंकासाठी ‘काहीतरी हलकंफुलकं’ मागवून ते होत नाही. कोविडच्या टाळेबंदीत वृत्तपत्रांच्या पुरवण्या आकसल्या, आणि पानं कमी करायची वेळ आली तेव्हा असली सदरं आधी गेली. आरोग्य राहिलं, गुंतवणूक राहिली, राशिभविष्य तर राहिलंच.

यावर उत्तर तयार असतं की आता लोक मोबाइलवर हसतात, स्टँडअप आहे, रील्स आहेत, मीम्स आहेत. मला स्टँडअप आवडतं. मराठीत नवी मुलंमुली फार हुशारीने बोलताहेत. पण रंगमंचावरच्या माणसाला समोरचा हशा लगेच हवा असतो. तो पिकला नाही तर ते वाक्य पुढच्या प्रयोगात गळतं. ज्या निरीक्षणाला हशा येत नाही, वाचून झाल्यावर तासाभराने ओठांच्या कडा हलतात, त्याला तिथे जागा नाही. मीमचं आयुष्य दोन दिवसांचं. शिवाय त्या दोन दिवसांत सगळे एकाच गोष्टीवर हसत असतात, कारण यंत्राने ती सगळ्यांसमोर ठेवलेली असते. ज्याच्याकडे कोणाचंच लक्ष नाही अशी गोष्ट उचलायची, हे सदरलेखकाचं सामर्थ्य त्यात नाही.

दुसरी हरकत जास्त खरी आहे आणि तिच्यावर संपादक कुजबुजतात: कोणाच्या भावना दुखावल्या तर? ही भीती पोकळ नाही. मार्च २०२५ मध्ये एका कलाकाराने उपमुख्यमंत्र्यांवर विडंबनगीत म्हटलं म्हणून ते जिथे चित्रित झालं त्या खारच्या सभागृहाची तोडफोड झाली. अशा हवेत नावानिशी थट्टा छापायची म्हणजे कार्यालयाच्या काचांचा विचार करावाच लागतो. पण मागे जाऊन बघा. कोल्हटकरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘विविधज्ञानविस्तार’ या मासिकात विनोदी लेख लिहायला घेतले. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या या त्रिकुटाला पुढे करून त्यांनी धार्मिक रूढींची, सणांतल्या खुळचट चालींची, सोवळ्याओवळ्याची यथेच्छ टिंगल केली. तो समाज आजच्यापेक्षा सहनशील होता असं मानायला काही आधार नाही. सुधारकांची प्रेतयात्रा काढणाराच तो समाज होता. तरी ते लेख छापले गेले, कारण छापणाऱ्याला ते आपलं काम वाटत होतं. धाडस लेखकाकडून सगळेच मागतात. इथे ते संपादकाकडे आणि मालकाकडे मागायचं आहे. पहिलं धमकीचं पत्र आलं की सदर बंद करणार असाल तर सुरूच करू नका.

तिसरी हरकत माझी स्वतःची आहे आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्या विनोदी परंपरेचं वर्तुळ फार लहान होतं. पांढरपेशी पुरुष लिहीत होते, पांढरपेशी पुरुषांसाठी. त्यांतल्या उत्तम लेखकांनी स्वतःच्याच वर्गाची थट्टा केली. बडोद्यात पाली शिकवणाऱ्या चिं. वि. जोशींचा चिमणराव हा त्या वर्गाचा आरसाच आहे, आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीला दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी चिमणराव-गुंड्याभाऊ उभे केले तेव्हा तो आरसा घराघरांत पोचला. पण त्याच परंपरेत कजाग बायको, बावळट खेडूत, मोलकरणीची बोली यांच्यावर पिकवलेलं स्वस्त हसूही आहे. ते आज वाचवत नाही. जुनी सदरं जशीच्या तशी परत आणा, असं म्हणायची माझी तयारी नाही.

विनोद करायचा अधिकार कोणाला, या प्रश्नाकडे आपण पुरेसं बघितलेलं नाही. लातूरकडचा, चंद्रपूरकडचा, नंदुरबारचा कादंबरीकार घ्या. संपादकाचा फोन त्याला कधी जातो? गारपीट झाली की. आत्महत्या झाली की. आरक्षणाचा मोर्चा निघाला की. दलित लेखिकेला फोन जातो सहा डिसेंबरच्या आसपास आणि एखादा अत्याचार घडल्यावर. आदिवासी कवीला फोन जातो नऊ ऑगस्टला. त्यांच्याकडून आपण साक्ष मागतो, आणि ती देऊन झाली की फोन बंद. तुमच्या गावात सध्या सगळ्यांत हास्यास्पद गोष्ट कोणती चालली आहे, हे त्यांना कोणी विचारत नाही. माणसाला फक्त त्याच्या जखमेवरून ओळखणं हाही अन्यायच आहे, आणि तो आपल्यातली सगळ्यांत सहृदय माणसं करतात.

खरं तर हसण्याची ताकद तिथे कधीच कमी नव्हती. तमाशाचा सोंगाड्या राजालाही तोंडावर बोलतो आणि गवळणीतली मावशी थेट देवाला अडवते. लक्ष्मीबाई टिळकांना शाळेचं तोंड बघायला मिळालं नव्हतं, पण ‘स्मृतिचित्रां’त सोवळ्याच्या वेडापायी घराला जेरीस आणणारे वडील आणि हातातला पैसा वाटेतच देऊन मोकळे होणारे पती टिळक त्यांनी असे उभे केले की मराठीतलं अत्यंत वेदनेचं हे पुस्तक हसत हसत वाचलं जातं. भोगलं तिनेच, आणि हसायचं कुठे हेही तिनेच ठरवलं. दुःखाला विनोदाचं वावडं असतं ही समजूत हे एक पुस्तक कायमची मोडून काढतं. मिरासदार-पाटलांनी खेडं विनोदात आणलं, ते त्यांच्या काळाचं खेडं. आजच्या खेड्यात ड्रोनने फवारणी होते, ग्रामपंचायतीच्या ग्रुपवर युद्धं होतात, लग्नाआधीच्या फोटोंसाठी नवरा-नवरी कांद्याच्या चाळीसमोर सूटबूट घालून उभी राहतात, आणि पोराला नोकरी नाही म्हणून मुलगी मिळत नाही. यातलं हसू आणि कळ एकत्र पकडणारे लेखक-लेखिका आज लिहिताहेत. त्यांच्या कादंबऱ्यांत मधूनच एखादं पान असं लखलखतं की हा माणूस दर आठवड्याला वाचायला मिळावा असं वाटतं.

काय करता येईल हे अवघड नाही. एका पुरवणीने एक पान, आठशे शब्दांचं, वर्षभरासाठी एका कादंबरीकाराला द्यावं. विषय सुचवू नये. पहिले दोन-तीन महिने ‘वाचकांचा प्रतिसाद’ मोजू नये. सूर लागायला वेळ द्यावा. टोपणनाव हवं असेल तर घेऊ द्यावं, कारण सदराच्या आड दडून लेखक जास्त मोकळा होतो. सोबत एक चित्रकार द्यावा. ठणठणपाळाला सरवटे मिळाले होते, आणि आज चांगल्या रेषा असलेले कितीतरी तरुण मराठीत कामाच्या शोधात आहेत. मानधन असं द्यावं की लेखकाला महिन्यातले चार-सहा दिवस त्यासाठी मोकळे ठेवता येतील. सदरांची पुस्तकं प्रकाशक काढतात, पण ती ‘किरकोळ’ खात्यात टाकतात. ती कादंबरीशेजारी ठेवावीत आणि विद्यापीठांनी एम. ए.च्या अभ्यासक्रमात एखादं तरी लावावं. सदरलेखनावर प्रबंध करणाऱ्या विद्यार्थ्याला मार्गदर्शकांनी ‘दुसरा विषय बघ’ म्हणू नये.

आणि नियतकालिकांना वर्षभराचं पान इतक्यात जमत नसेल, तर दिवाळी अंकांपासून सुरुवात करता येईल. संपादकांची पत्रं उन्हाळा सरता सरता लेखकांकडे जायला लागतात. यंदा ती लिहिताना परभणीच्या, गडचिरोलीच्या, सावंतवाडीच्या कादंबरीकारांना ‘आपल्या भागातल्या प्रश्नांवर’ हे शब्द गाळून पत्र पाठवा. त्यांना एवढंच विचारा की गेल्या वर्षभरात तुम्ही पोट धरून हसलात ते कशावर, आणि ते किती शब्दांत सांगाल.